झॉम्बीच्या सिनेमात रडू येतं कुठून? ‘ट्रेन टू बुसान’ आणि तुझा रफ कट

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे मधूनच वाचायला लागलेल्यांनाही कळेल. या मुलाने मित्रांना घेऊन २४ मिनिटांची झॉम्बी शॉर्ट फिल्म शूट केलीये. रात्रीची एसटी, घाटात बंद पडलेली, सात प्रवासी, एक कंडक्टर आणि सोबत त्याचा आठवीतला मुलगा. शेवटी गाडी कशीबशी चालू होते, कंडक्टर बाहेरून दार दाबून धरतो, खिडकीतून हात घालून डबल बेल मारतो आणि गाडी त्याला मागे ठेवून निघते. रफ कट (म्हणजे पहिलं कच्चं एडिट) बघून सगळे म्हणाले मेकअप भारी झालाय, ॲक्शन भारी झालीये, पण बाप मागे राहतो तिथे एकाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. आणि हाच मुलगा ‘ट्रेन टू बुसान’, धावत्या ट्रेनमध्ये झॉम्बींची लागण पसरते तो कोरियन सिनेमा, पाच वेळा बघून पाचही वेळा रडलाय. म्हणून त्याचं विचारणं असं की शेवटच्या सीनला स्लो मोशन वाढवू का, बासरी टाकू का, की क्लोजअप अजून लांबवू?

मी एडिटर आहे, एकोणीस वर्षं हेच करतेय, मालिका, जाहिराती, डॉक्युमेंटरी, मोजके सिनेमे. वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी असणार म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. आणि बाकीच्यांना सांगून ठेवते, पुढे ‘ट्रेन टू बुसान’ शेवटापर्यंत सांगितलाय, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या, एकशे अठरा मिनिटांचा आहे, एका रात्रीत होतो.

तर तुझा खरा प्रॉब्लेम शेवटच्या सीनमध्ये नाहीये असं मला वाटतं. रडवायचं कसं हा प्रश्न तू शेवटाला विचारतोयस आणि त्याचं उत्तर पहिल्या दहा मिनिटांत असतं. माणूस मेला म्हणून प्रेक्षक रडत नाही, झॉम्बीच्या सिनेमात तर दर दोन मिनिटाला कुणीतरी मरत असतं, त्याला रडू येतं ते काहीतरी राहून गेलेलं असतं ना, आपल्याला माहीत असलेलं, त्याचं. ते राहून गेलेलं तू आधी दाखवलंच नसशील तर शेवटी कितीही बासरी वाजव, ती बासरीच ऐकू येणार.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही कबूल करते. एकशे अठरा मिनिटं आणि चोवीस मिनिटं यात फरक आहे, त्यांच्याकडे बापाच्या कामाला गॉंग यूसारखा नट होता, तुझ्याकडे मित्राचे काका आहेत (आणि तू लिहिलंयस त्यावरून त्यांनी जीव ओतलाय). तुझ्याकडे रशेसमध्ये, म्हणजे शूट केलेल्या सगळ्या कच्च्या फुटेजमध्ये, काय काय पडलंय ते मला माहीत नाही, पॅच शूट, म्हणजे राहिलेला तुकडा नंतर शूट करणं, तुला परवडेल का तेही माहीत नाही. आणि प्रेक्षक रडलाच पाहिजे असाही नियम नाही, घसा जरा दाटून आला तरी पुष्कळ झालं.

‘ट्रेन टू बुसान’ची सुरुवात आठव. सोक-वू फंड मॅनेजर आहे, घटस्फोटाच्या वाटेवर, घरी त्याची आई आणि मुलगी सू-आन. मुलीचा वाढदिवस आहे म्हणून तो गेमचा बॉक्स आणतो, ती उघडून बघते आणि गप्प होते, नजर कपाटाकडे जाते, तिथे तोच गेम आधीच ठेवलेला आहे. बालदिनाला यानेच दिला होता आणि हा विसरला. ओरडा नाही, रडारड नाही, भाषण नाही. एक बॉक्स, एक नजर, एक कपाट. एवढ्यात बाप कसा आहे ते कळलं, आणि तो वाईट नाहीये हेही कळलं कारण वाईट असता तर काहीच आणलं नसतं. मग आजी त्याला शाळेतल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दाखवते, सू-आन स्टेजवर ‘अलोहा ओए’ म्हणतीये आणि मध्येच थांबते. बाप तिथे नाहीये. गाणं अर्धं राहतं. हा सीन बघताना कुणीच रडत नाही, थोडं वाईट वाटतं आणि आपण पुढे जातो. पण एडिट टेबलवरून बघशील तर त्या अर्ध्या गाण्यावर दिग्दर्शकाने अख्ख्या सिनेमाचं ओझं टाकून ठेवलंय. कारण शेवटी, सगळं संपल्यावर, ती मुलगी आणि गाडीतली एक गरोदर बाई, सोंग-ग्यॉंग, अंधाऱ्या बोगद्यातून चालत येतात, पलीकडे सैनिक बंदुका रोखून उभे आहेत, समोरचे माणसं आहेत की झॉम्बी हे त्यांना दिसत नाहीये आणि वरून गोळी घालायचा हुकूम आलाय. आणि तेवढ्यात गाण्याचा आवाज येतो. तेच गाणं. ती ते बापासाठी म्हणतीये आणि ऐकायला बाप नाहीये. पुन्हा नाहीये. फक्त आता नसण्याचा अर्थ पूर्ण बदललाय.

बघ म्हणजे, ते गाणं गोष्टीच्याही कामाला येतंय, त्यामुळेच त्या दोघींचा जीव वाचतो. नुसतं हळवं करायला टाकलेलं नाहीये. माझ्या कामात मी हेच बघते, एखादी गोष्ट दोन कामं करत असेल तर ती कितीही साधी असू दे, कापत नाही.

दुसरं, आणि हे मला स्वतःला तिसऱ्या वेळेला दिसलं, ते म्हणजे दारं. तो सगळा सिनेमा सरकत्या काचेच्या दारांवर उभा आहे. झॉम्बींना दार उघडता येत नाही, माणूस दिसला की ते चवताळतात, अंधारात त्यांना दिसत नाही, हे नियम सिनेमा सांगून टाकतो. सोंग-ग्यॉंग काचेवर पाणी मारून वर वर्तमानपत्र चिकटवते आणि पलीकडचे शांत होतात, इतकं साधं. पण मग बघ त्या दारांचं पुढे काय केलंय. पहिल्या पळापळीत सोक-वू स्वतः दार लावून घेतो, समोरून सांग-ह्वा नावाचा प्रवासी आणि त्याची गरोदर बायको, तीच सोंग-ग्यॉंग, धावत येत असताना. नंतर तोच सोक-वू, सांग-ह्वा आणि एक बेसबॉल खेळणारा पोरगा झॉम्बींनी भरलेल्या डब्यांतून मारामारी करत, वाटेत बायकामुलांना सोबत घेऊन, पंधराव्या डब्यापाशी पोचतात, तेव्हा आतली माणसं दार धरून ठेवतात. जे याने दुसऱ्याला केलं तेच याच्या वाट्याला आलं. आणि त्या बंद दारामुळे सांग-ह्वा मागचं दार एकटा धरून उभा राहतो, चावा बसलेला असतो, आणि ओरडून बायकोला पोटातल्या मुलीचं नाव सांगतो. ते नाव तोपर्यंत ठरलेलं नव्हतं. पुन्हा तेच, राहून गेलेलं काम.

मग त्या दोन म्हाताऱ्या बहिणी. एक डब्याच्या आत सुखरूप, दुसरी काचेपलीकडे झॉम्बी होऊन उभी. आतली बहीण पलीकडे बघते, मग वळून डब्यातल्या त्या माणसांकडे बघते ज्यांनी आत्ताच आत आलेल्यांना ‘यांना लागण झाली असेल’ म्हणून पुन्हा बाहेर काढलंय, आणि शांतपणे दार उघडते. तिथे प्लीज एकदा आवाज बंद करून तो सीन बघ. ती ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने कट आहेत, बहीण, माणसं, पुन्हा बहीण. कुणी काहीही समजावून सांगत नाही. आपण तिच्या नजरेने हिशोब करतो आणि ती जे करते ते आपल्याला पटतं, आणि पटलं म्हणूनच पोटात खड्डा पडतो. त्या सिनेमाचा एडिटर यांग जिन-मो, पुढे ‘पॅरासाइट’चं एडिटिंगही त्याचंच, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं त्याला. माणूस कुठे थांबायचं ते जाणतो.

हे सगळं झॉम्बींमुळे होतंय का? हो आणि नाही. झॉम्बी तिथे चांगलेच आहेत, त्यांची ती मोडकी, झटके देत उठणारी अंगं नृत्याच्या लोकांनी बसवलेली आहेत आणि ते दिसतं. पण झॉम्बीचं खरं काम एवढंच की माणसाला वेळ द्यायचा नाही. दिग्दर्शक यॉन सांग-हो आधी ॲनिमेशन करायचा, ‘द किंग ऑफ पिग्स’ (२०११) आणि ‘द फेक’ (२०१३), दोन्ही कडू, माणसातल्या दुष्टपणाबद्दल. ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) हा त्याचा खऱ्या नटांसोबतचा पहिला मोठा सिनेमा. मला वाटतं ॲनिमेशनमधून आल्यामुळेच त्याच्याकडे ती काटकसर आहे, तिथे प्रत्येक फ्रेम काढायला लागते त्यामुळे फुकट शॉट कुणी ठेवत नाही.

आणि कोरियात या सिनेमाला एक कोटी दहा लाखांहून जास्त तिकिटं गेली त्याच्यामागे त्यांची स्वतःची जखमही आहे, ती विसरून चालणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये सेवोल नावाची फेरीबोट बुडाली, ३०४ माणसं गेली, त्यात २५० एकाच शाळेची मुलं, सहलीला निघालेली. बोट कलत असताना स्पीकरवरून सांगत होते जागेवरच थांबा, आणि कॅप्टन मात्र आधी बाहेर पडला. पुढच्याच वर्षी मर्स या श्वसनाच्या आजाराची साथ आली, ३८ जण गेले, सरकार माहिती दडवतंय म्हणून लोक चिडलेले होते. आता हे डोक्यात ठेवून तो सिनेमा बघ, टीव्हीवर सरकार सांगतंय घाबरू नका, सगळं आटोक्यात आहे, गाडीत शाळकरी खेळाडूंची टीम आहे, आणि सुटाबुटातला बस कंपनीचा बडा अधिकारी एकेकाला पुढे ढकलून स्वतः वाचतोय. तिथल्या माणसाला हे बघताना काय आठवलं असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून मी म्हणते की पाच वेळा बघून तंत्र उचलता येतं पण ती जखम उचलता येत नाही, ती ज्याची त्याला आपल्या गावात शोधायला लागते.

त्या अधिकाऱ्याचीही एक गोष्ट सांगते. सिनेमाभर आपण त्याचा तिरस्कार करतो. शेवटी इंजिनात सापडतो तेव्हा तो झॉम्बी व्हायला लागलाय, आणि घाबरलेल्या लहान मुलासारखा बोलतो, मला घरी जायचंय, आई वाट बघतीये, घराचा पत्ता सांगतो. पाच-सहा वाक्यं फक्त. पण त्या वाक्यांनी तो राक्षसाचा माणूस झाला आणि पुढच्या क्षणी तोच सोक-वूला चावतो. तुझ्या स्क्रिप्टमधला जो सावकार प्रवासी आहे ना, पैशाची बॅग घट्ट धरून बसलेला, त्याला असं एक तरी वाक्य दे. नुसता व्हिलन ठेवू नकोस.

आता तो शेवट, ज्याच्यासाठी तू विचारलंस. सोक-वूला चावा बसलाय. मुलीला इंजिनाच्या केबिनमध्ये ठेवतो, सोंग-ग्यॉंगला ब्रेक कुठला ते सांगतो (हे लक्षात घे, मरायला निघालेला माणूस ब्रेक कसा लावायचा ते सांगतोय), मुलगी बिलगून रडतीये, तो सोडवून घेतो आणि इंजिनाच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहतो. डोळे पांढरे होत चाललेत. आणि तिथे आठवण येते, उजळलेली खोली, नुकती जन्मलेली सू-आन त्याच्या हातात. तो हसतो. त्याच्या चेहऱ्यावर हसू आहे आणि तोंड झॉम्बीचं झालंय. मग कट, आणि आपल्याला तो पडताना दिसतच नाही, जमिनीवर फक्त इंजिनाची आणि त्याची सावली दिसते, आणि ती सावली बाजूला होते. बस्स.

मी हा तुकडा शिकवताना मुलांना नेहमी विचारते की शरीर का दाखवलं नाही. बहुतेक जण म्हणतात सेन्सॉर किंवा बजेट. मला वाटतं कारण असं की शरीर दाखवलं असतं तर आपण ‘पडला’ एवढंच बघितलं असतं. सावली दाखवली म्हणून आपण क्षणभर अजून त्याच्या हसण्यातच अडकलेले असतो, आणि सावली निघून जाते तेव्हा मागे गाडी चालूच असते. मुलगी तिकडे पुढे आहे आणि तिला हे दिसलेलं नाही, फक्त आपल्याला दिसलंय. आपण एकटे साक्षीदार उरतो म्हणून ते जास्त लागतं.

त्या आठवणीच्या फ्लॅशबॅकबद्दल मात्र कोरियातच दोन मतं आहेत. तिकडे ‘शिनपा’ असा शब्द आहे, जबरदस्तीने अश्रू काढणाऱ्या मेलोड्रामाला म्हणतात, आणि शेवटावर ती टीका झाली. मी बराच काळ त्या बाजूची होते. आता माझं मत असं की तो फ्लॅशबॅक चालतो, कारण सिनेमाभर बापाने मुलीला नीट हातात धरलेलं फार थोडं दाखवलंय आणि हे पहिलं धरणं शेवटी ठेवलंय, पण काठावरचं काम आहे, दोन सेकंद जास्त झाले असते तर कोसळलं असतं. चार वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने ‘पेनिन्सुला’ केला, तिथे पैसा जास्त, गाड्यांचा पाठलाग, झॉम्बींचे लोंढे, आणि शेवटचा निरोप इतका ताणलाय, इतकं स्लो मोशन आणि म्युझिक, की मी कोरडीच बसून राहिले. माणूस तोच, हुशारी तीच. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ते दोन सिनेमे लागोपाठ बघून मिळेल.

माझाच एक किस्सा सांगते म्हणजे हे पुस्तकी वाटणार नाही. बरीच वर्षं झाली, कोकणातली एक शॉर्ट फिल्म माझ्याकडे आली होती, आजोबा आणि नातू. सुरुवातीला एक सीन होता, आजोबा टॉर्चचे उतरलेले सेल काढून पडवीच्या कठड्यावर उन्हात ठेवतात, थोडा जीव येतो त्यांच्यात म्हणून. नातू विचारतो काय करताय, ते म्हणतात तापतायत. एवढंच. मला तो सीन कंटाळवाणा वाटला, लांबी कमी करायची होती, मी उडवला. शेवटी आजोबा गेल्यावर नातू एकटा कठड्यावर दोन सेल ठेवतो असा शॉट होता, तो मात्र ठेवला कारण दिसायला सुंदर होता. दहाबारा जणांना दाखवलं, शेवटी शांतता, पण ती चांगली शांतता नव्हती, लोकांना कळलंच नव्हतं हा पोरगा करतोय काय. एका बाईंनी विचारलं, सेल बॉम्बचे आहेत का? रात्री घरी आले आणि तो उडवलेला सीन परत टाकला, चाळीस सेकंद. पुढच्या वेळेला त्याच शॉटला मागच्या रांगेतून नाक ओढल्याचा आवाज आला. शेवटाला मी हात लावला नव्हता, एक फ्रेमसुद्धा नाही.

आता तुझ्या एसटीकडे येते. तुझ्याकडे डबल बेल आहे आणि ही फार मोठी गोष्ट तुझ्या हातात आहे, तुला बहुतेक कळलेलं नाहीये. आपल्याकडे एसटीत बसलेल्या प्रत्येकाला माहितीये की एक बेल म्हणजे थांब आणि डबल बेल म्हणजे निघ. पण तुझ्या फिल्ममध्ये ती बेल पहिल्यांदा वाजते तीच शेवटी. तू दिलेल्या सीनच्या यादीप्रमाणे पहिली सहा मिनिटं सगळी हल्ल्याची आहेत, गाडी आधीच बंद पडलेली. म्हणजे बापाला आम्ही बाप म्हणून बघितलंच नाही, थेट मारामारी करणारा माणूस म्हणून बघितलं.

मी काय करेन सांगू? हल्ला तीन मिनिटं पुढे ढकलेन. आधी गाडी चालू असताना बाप आणि पोरगा. रशेसमध्ये शोध, कॅमेरा चालू राहिला असेल आणि काका तिकिटाची बॅग नीट करत असतील, पोरगा खिडकीला डोकं लावून पेंगत असेल, असलं ‘ॲक्शन’च्या आधीचं आणि ‘कट’च्या नंतरचं सोनं असतं, ते बघितल्याशिवाय पॅच शूटचा विचारही करू नकोस. नाहीच मिळालं तर एकच पॅच कर: पोराला बेल मारायचीये, बाप म्हणतो हात लावू नकोस, ड्युटीचं काम आहे. आणि एखाद्या स्टॉपवर कुणी म्हातारं धावत येतंय, ड्रायव्हर निघायच्या बेतात आहे, बाप सिंगल बेल मारून गाडी थांबवतो, त्यांना चढवून घेतो. म्हणजे हा माणूस कुणाला मागे ठेवून जात नाही हे आम्हाला कळलं. आता शेवटी तोच माणूस स्वतःला मागे ठेवायला डबल बेल मारतो तेव्हा बघ. आणि अजून एक शक्यता, बापाचा हात दोरीपर्यंत पोचत नाही आणि तो पोराला सांगतो, तू मार. हे स्क्रिप्ट बदलणं झालं, तुझा निर्णय आहे, पण मी असते तर हेच केलं असतं, कारण मग ते पोराला आयुष्यभर पुरणार.

स्लो मोशन काढ. बासरी काढ. शेवटच्या दीड मिनिटाला म्युझिक पूर्ण बंद करून नुसता इंजिनाचा आवाज, दाराचा खडखडाट आणि श्वास ठेवून एक व्हर्जन काढ आणि घरातल्या अशा कुणालातरी दाखव ज्याला झॉम्बी म्हणजे काय हेच माहीत नाही, आई, आत्या, कुणीही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघ, स्क्रीनकडे बघू नकोस. त्यांची नजर कुठे फोनकडे गेली ती वेळ लिहून ठेव. मग वाटलंच तर गाडी वळणाआड गेल्यावर, निघताना नाही, वळणाआड गेल्यावर, म्युझिक हळूच सुरू कर. क्लोजअप बापाचा लांबवण्यापेक्षा पोराचा ठेव, मागच्या काचेतून बघतानाचा, आणि बाप त्याच्या नजरेतून लहान होत जाऊ दे.

हा, आणि बेलचा आवाज. तू म्हणालास ॲपवरून घेतलाय, तो सायकलच्या घंटीसारखा ऐकू येत असणार. जवळच्या डेपोत जा, रीतसर विचारून उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत बस, दुपारची वेळ बघ म्हणजे गर्दी कमी असते, आणि दोरी ओढून खरा आवाज रेकॉर्ड कर, एक आतून, एक दाराबाहेर उभं राहून. सिंगल आणि डबल दोन्ही घे, आणि दोन बेलमधलं अंतर कंडक्टर लोक कसं ठेवतात ते त्यांच्याकडूनच मारून घे. नवीन कट झाला की इथेच लिंक टाक, मी बघेन.